खणणाराचा हक्क

घराच्या मागील बाजूस चार हात जागा मोकळी असावी, तीत गवत माजलेले असावे आणि एखाद्या वर्षी घरातील मंडळींनी तेथे भाजीचा वाफा करण्याचे मनावर घ्यावे, ही गोष्ट इतकी साधी आहे की तिच्यात नीतिशास्त्राचा काही प्रश्न दडलेला असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तथापि ज्याने स्वतः कुदळ हाती धरून असा एखादा वाफा खणला आहे, त्याला एक अनुभव हटकून आला असेल. सकाळी ज्या जागेकडे तो ‘मागची जागा’ म्हणून पाहत होता तीच जागा संध्याकाळी त्याला ‘माझी’ वाटू लागते. खरेदीखत त्याच्यापाशी पूर्वीपासून होतेच. सरकारी उताऱ्यावर नावही होते. परंतु त्या कागदांनी जो भाव उत्पन्न केला नव्हता तो तळहातावरील दोन फोडांनी उत्पन्न केला. हा भाव कितपत खरा आहे? खणल्याने जमीन खरोखरीच खणणाराची होते, की थकलेल्या शरीराला होणारा तो एक गोड भ्रम आहे, ह्याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ह्या भावाला मोठमोठ्यांचा पाठिंबा आहे हे प्रथम सांगितले पाहिजे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात असा अभिप्राय आढळतो की, ज्याने खुंट उपटून रान मोकळे केले त्याचे ते शेत आणि ज्याचा बाण लागला त्याचे ते हरिण. मूळ श्लोकात शेताला ‘केदार’ असा शब्द आहे, आणि केदार म्हणजे बांध घालून पाणी दिलेले शेत, म्हणजे बहुतांशी आपला वाफाच. (मनूने हा दृष्टांत शेतीच्या प्रकरणात न देता स्त्रीपुरुषांच्या संबंधाची चर्चा करताना दिला आहे, आणि तेथे त्याने त्यातून काढलेले अनुमान आज कोणी सुबुद्ध मनुष्य मान्य करणार नाही, पण दृष्टांत म्हणून जी गोष्ट घेतली ती त्या काळी सर्वसंमत असली पाहिजे, एवढे त्यावरून खास दिसते.) पुढे कित्येक शतकांनी, १६९० च्या सुमारास, जॉन लॉक ह्या इंग्रज तत्त्वज्ञाने तेच मत तर्काच्या पायावर मांडले. पृथ्वी ईश्वराने सर्व मनुष्यांस मिळून दिली. परंतु स्वतःचे शरीर आणि त्या शरीराचे श्रम हे ज्याचे त्याचे. तेव्हा श्रम जमिनीत मिसळले की ती जमीनही श्रम करणाराची झाली, असा त्याच्या युक्तिवादाचा सारांश. आपल्याकडे तर ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा गावोगाव दुमदुमली आणि १ एप्रिल १९५७ रोजी मुंबई राज्यातील लाखो कुळे कायद्याने आपापल्या शेतांची खरेदीदार मानली गेली. श्रमातून स्वामित्व ही कल्पना केवळ ग्रंथांतील नव्हे.

एवढ्या साक्षी एका बाजूस असता शंका घेण्याचे कारण काय, असे वाचक विचारतील. कारण वाफ्यातच सापडते.

शिरपूर हे सातपुड्याच्या दक्षिणेस, अरुणावतीच्या काठी वसलेले गाव. तेथील जुन्या वस्तीत आमच्या परिचयाचे एक शिक्षकाचे कुटुंब आहे. दोन वर्षांपूर्वी ज्येष्ठात, खानदेशचा उन्हाळा जरा ओसरल्यावर, त्यांनी घरामागे वाफा काढावयास घेतला. हरळी आणि लव्हाळा ह्यांच्याशी झटापट करून वरची वीतभर माती हलविली, तोच कुदळीला विटांचे तुकडे लागू लागले. त्यांच्या खाली खापऱ्या, खापऱ्यांच्या खाली राखेचा एक थर, आणि त्या राखेत काचेच्या बांगडीचा एक हिरवा तुकडा. त्यात नवल काही नाही. जुन्या गावठाणात कोठेही खणा, थोड्याफार फरकाने हेच निघावयाचे. आपल्या पूर्वजांनी गावाच्या जमिनीचे दोन भाग मानले होते: पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पांढरीचा पांढरेपणा हा निसर्गाने दिलेला नाही; पिढ्यान्‌पिढ्यांच्या चुलींची राख, पडलेल्या भिंतींची माती, धाब्यांवरून ओघळलेली खारी, शेण, हाडे, चुना, ह्यांनी मिळून तो आला आहे. म्हणून परसात वाफा करणे म्हणजे पांढरीची काळी करणे होय. ही पांढरी पिकाला मानवते हे शेतकऱ्यांस चांगले ठाऊक आहे. ओसाड पडलेल्या गावांच्या टेकाडांची माती गाड्या भरभरून शेतांत खत म्हणून नेण्याची चाल जुनी आहे, आणि पुराणवस्तुसंशोधक तिच्यामुळे हळहळत आले आहेत. कारण अशा टेकाडांतूनच, तापी आणि गोमाई ह्यांच्या संगमावरील प्रकाशे येथे १९५५ साली आणि गिरणेच्या काठी बहाळ येथे त्याच दशकात झालेल्या उत्खननांत, खानदेशातील ताम्रपाषाणयुगाच्या वस्त्या उजेडात आल्या.

आता, ज्या राखेवर आपले वांग्याचे रोप पोसावयाचे ती राख कोणाच्या श्रमाची? लाकूड कोणी तोडले, चूल कोणी घातली, भिंत कोणी चेपली? लॉकचे म्हणणे खरे धरले तर ह्या मातीत आपल्या आधी चाळीस पिढ्यांनी आपले श्रम मिसळलेले आहेत, आणि ते आपल्या एका दिवसाच्या खणण्याहून किती तरी अधिक आहेत. मनूचा खुंट काढणारा आणि लॉकचा श्रम मिसळणारा हे दोघेही गृहीत धरतात की, आपल्यापूर्वी येथे कोणी नव्हते. कुदळ मात्र खाली जाऊ लागली की हे गृहीत पहिल्या हातभर खोलीतच खोटे पाडते.

ह्या बाबतीत प्रवरेच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली जे घडले ते मनूला उत्तर म्हणून पुरेसे आहे. तेथे एक भिल्ल गृहस्थ झुडपाचे मूळ खणून काढीत होता. म्हणजे मनूने वर्णिलेलेच कर्म तो अक्षरशः करीत होता. त्या मुळाखाली त्याला धातूची चार शिल्पे मिळाली: बैल जुंपलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. बहुतेक विद्वान ती हडप्पा संस्कृतीच्या उत्तरकाळातील मानतात, म्हणजे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची. खुंट काढणाराने खुंट काढला आणि त्याच्या खाली त्याच्याही आधीचा मनुष्य रथासह उभा होता.

खानदेशाच्या इतिहासात तर ‘पहिला’ हा शब्द फारच जपून वापरावा लागतो. शिरपूर तालुक्यातच तापीच्या काठी थाळनेर आहे. फारुकी राजांचे ते आरंभीचे ठाणे, आणि त्यांच्या कबरी अद्याप तेथे आहेत. १८०३-०४ चा दुष्काळ आणि त्याच्या आगेमागे झालेल्या स्वाऱ्या ह्यांनी हा मुलूख इतका उजाड झाला की, १८१८ साली इंग्रजांच्या हाती आला तेव्हा गावेच्या गावे ओस पडून त्यांवर रान वाढले होते. पुढे तेथे ज्यांनी नांगर घातला त्यांस आपण रान मोडून प्रथम शेत केले असे वाटले असेल; वास्तविक ते कोणाच्या तरी बुजलेल्या बांधांवरून नांगरीत होते. जुन्या मराठी कागदपत्रांत अशा जमिनीला एक शब्द आहे, ‘गतकूळ’. वंश बुडाला, कूळ गेले, जमीन दुसऱ्याकडे आली. पण शब्दाने गेलेल्याची आठवण धरून ठेवली. आमच्या मते जमिनीच्या कागदपत्रांतला हा सर्वांत प्रामाणिक शब्द होय.

वर आम्ही ‘त्यांनी वाफा काढावयास घेतला’ असे म्हटले. ह्या वाक्याकडे पुन्हा एकदा पाहिले पाहिजे. मराठीत खणला, खणविला आणि खणून घेतला ही तीन रूपे आहेत, आणि सुखवस्तू घरांत बोलताना पहिल्या रूपाखाली दुसरी दोन सहज खपून जातात. सदर कुटुंबातील मंडळींनी पहिल्या दिवशी एक तृतीयांश वाफा खणला हे खरे. दुसऱ्या दिवशी कंबर धरली. तिसऱ्या दिवशी गावातील ज्या चौकात मजूर सकाळी उभे असतात तेथून सातपुड्याच्या अंगाचा एक पावरा मजूर आणला, आणि टिकाव, पहार व घमेले घेऊन त्याने विटांसह उरलेला सर्व वाफा संध्याकाळपर्यंत मोकळा केला, सऱ्या पाडल्या आणि रोज घेऊन तो गेला. त्या दिवसापासून ‘आम्ही वाफा केला’ असे घरात म्हणतात, आणि म्हणताना कोणाच्या मनात काडीचे कपट नसते.

लॉकही असेच म्हणाला होता. माझ्या घोड्याने चरलेले गवत आणि माझ्या नोकराने कापलेली ढेपळे ही माझी मालमत्ता, असे तो त्याच प्रकरणात सांगून जातो. ज्याचे श्रम त्याचे फळ हे तत्त्व नुकतेच सांगून झालेले असता नोकराचे श्रम धन्याचे कसे झाले, ह्याचा खुलासा तो करीत नाही. त्याने मजुरी घेतली, म्हणून, असे उत्तर देता येईल, आणि ते अगदीच टाकाऊ आहे असे नाही. ठरलेला रोज दिला, कोणी कोणाला फसविले नाही; भाजी पिकली नसती तर तोटा मालकाचाच होता. परंतु हे उत्तर स्वीकारले की मूळचा युक्तिवाद कोसळतो. श्रमाने उत्पन्न होणारा हक्क जर पैशाने विकत घेता येतो, तर हक्काचे मूळ शेवटी पैशात आले, श्रमात राहिले नाही. मग आपण सरळ असे म्हणावे की, ही जागा आम्ही विकत घेतली आणि हा वाफा आम्ही विकत घेतला. आणि फोडांचा अभिमान बाजूस ठेवावा. पैसा देऊन घेणे ही लाजेची गोष्ट नाही. दोन्ही हक्क एकदम सांगणे मात्र न्यायाचे नाही.

ज्या मनुष्याने तो वाफा खणला त्याच्या बाजूने पाहिले तर ह्या तत्त्वचर्चेला निराळाच अर्थ येतो. १८२५ साली कंपनी सरकारने खानदेशात भिल्लांच्या एजन्सी स्थापन केल्या तेव्हा डोंगरातील लोकांनी शेती करून स्थायिक व्हावे म्हणून त्यांस जमिनी व बैल देण्याचे धोरण ठेवले होते. पुढे १८७८ च्या जंगल कायद्यान्वये राखीव जंगले झाली आणि त्यांच्या हद्दीत रान मोडणे गुन्हा ठरले. म्हणजे मनूने ज्या कर्मातून हक्क उत्पन्न केला त्याच कर्मातून सरकारने अपराध उत्पन्न केला. २००६ च्या वनहक्क कायद्याने ही विसंगती काही अंशी दूर केली. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आदिवासी जी वनजमीन कसत आला असेल तिच्यावर, चार हेक्टरांच्या मर्यादेत, त्याचा हक्क मान्य व्हावयाचा. त्यासाठी पुरावा म्हणून बांध, सपाट केलेली जमीन, विहीर, पूर्वजांची दफनभूमी आणि वृद्धांची साक्ष ह्याही गोष्टी नियमांनी ग्राह्य धरल्या आहेत. पुराव्यांची ही यादी कायद्याच्या पुस्तकात असली तरी वाचताना मन हलते. कारण तीत मातीवर उमटलेला श्रम हाच लेख मानला आहे. तथापि शिरपूरच्या वाड्यात वाफा खणताना मालकाला कोणी दफनभूमी दाखव असे म्हणत नाही. ज्याच्यापाशी कागद आहे त्याला श्रमाचा पुरावा द्यावा लागत नाही, आणि ज्याच्यापाशी श्रमावाचून काही नाही त्यालाच तो द्यावा लागतो.

येथे कोणी असे म्हणेल की, प्रत्येकाने खुंट काढावा आणि शेत मिळवावे असे झाले तर सातपुड्यावर झाड राहणार नाही, आणि झाड राहिले नाही तर अरुणावतीला पाणी राहणार नाही. हा आक्षेप खरा आहे. खुंट काढण्यातच पुण्य मानणाऱ्या नीतीला झाडाचे मोल कळत नाही, हा तिचा मोठाच दोष. पण हा आक्षेप डोंगरातील मनुष्यापुरताच उच्चारला जातो आणि सखल प्रदेशातील शेकडो वर्षांपूर्वी तुटलेल्या रानांविषयी कोणी बोलत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

मग खणण्याने काहीच हक्क येत नाही काय? आपल्याच परंपरेत मनूच्या जोडीला आणखी एक आवाज आहे, आणि तो सामान्य वाचकांच्या कानी क्वचितच पडतो. जैमिनीच्या मीमांसासूत्रांत विश्वजित् यज्ञाचा विचार चालला असता असा प्रश्न निघतो की, ज्या यज्ञात सर्वस्व दान करावयाचे त्यात राजाने पृथ्वीही द्यावी काय? उत्तर नकारार्थी आहे. पृथ्वी देता येत नाही, कारण ती सर्वांस सारखीच आहे. राजा तिचे रक्षण करतो म्हणून त्याला धान्याचा भाग मिळतो. त्यापलीकडे त्याचे तिच्यावर स्वामित्व नाही. मूळच्या पैठणच्या भट्ट घराण्यातील नीलकंठाने सतराव्या शतकात लिहिलेल्या व्यवहारमयूखातही हाच विचार पुढे चालविला आहे: राज्य जिंकले तरी राजाला कर घेण्याचाच अधिकार मिळतो, भूमीचे स्वामित्व ज्यांचे त्यांचेच राहते. ऐतरेय ब्राह्मणात तर प्रत्यक्ष पृथ्वीच दान करणाऱ्या राजाला बजावते की, मला देण्याचा अधिकार कोणा मर्त्याला नाही. आणि अथर्ववेदातील पृथ्वीसूक्ताच्या कर्त्याला ह्या विषयाची आणखी नाजूक जाणीव होती. खणताना आपल्या हातून भूमीच्या मर्मावर घाव बसू नये आणि खणलेले लवकर भरून यावे, अशी त्याची प्रार्थना आहे. कुदळ घेतलेल्या मनुष्याने ‘हे माझे’ असे म्हणण्यापूर्वी ‘तुला फार दुखले नाही ना?’ असे विचारावे, ही वृत्ती आणि लॉकची वृत्ती ह्यांत केवढे अंतर आहे!

जैमिनीच्या ह्या मताची प्रचीती पाण्याच्या बाबतीत जितकी येते तितकी जमिनीच्या बाबतीत येत नाही. वाफा केला की पाणी आले. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे आपल्या जमिनीखाली झिरपत असलेले पाणी पाहिजे तेवढे उपसण्याचा हक्क जमीनमालकाला असे. पुढे महाराष्ट्राने त्यावर बंधने घालणारे कायदे केले, पण ‘माझ्या हद्दीत लागलेले पाणी माझे’ ही समजूत लोकांच्या मनातून गेली नाही. तिच्या जोरावर खानदेशात कूपनलिका खोल खोल जात राहिल्या आणि विहिरी आटल्या. शिरपूर तालुक्यात २००४ च्या सुमारास भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर ह्यांच्या मार्गदर्शनाने जे काम सुरू झाले त्याची गोष्ट अनेकांस माहीत असेल. तापीच्या गाळाच्या प्रदेशात चिकणमातीचे जाड थर पाणी खाली जाऊ देत नाहीत. म्हणून तेथील नाले त्या थरांच्या खालपर्यंत खोल व रुंद करावयाचे आणि त्यांवर दरवाजे नसलेले सिमेंटचे बंधारे ओळीने बांधावयाचे. नाल्यात पाणी अडले आणि भोवतालच्या कोरड्या विहिरींना पाणी आले. ते कोणाचे? नाला खणला एकीकडे, पाझर फुटला दुसरीकडे. ज्या शेतकऱ्याने एक घमेलेही उचलले नाही त्याची विहीर भरली, आणि त्याने ते पाणी चोरले असे कोणी म्हटले नाही. खणणे हे दोन्ही ठिकाणी खणणेच; पण कूपनलिका खणणारा पाण्याला आपल्या हद्दीत ओढतो आणि नाला खणणारा ते हद्दीबाहेर सोडतो.

लॉकविषयी वर थोडे कठोर लिहिले आहे, म्हणून त्याच्या बाजूचे एक म्हणणे सांगणे न्यायाचे होईल. त्याने आपल्या तत्त्वाला दोन मर्यादा घातल्या होत्या. इतरांस पुरेसे आणि तितकेच चांगले उरले पाहिजे, ही एक. आणि नासण्यापूर्वी जेवढे उपयोगात आणता येईल तेवढेच घ्यावे, ही दुसरी. पुढे पैसा निघाला, आणि सोने नासत नसल्यामुळे दुसरी मर्यादा आपोआप निकामी झाली, असे त्यानेच कबूल केले आहे. पण भाजीच्या वाफ्यापुढे सोन्याची ही युक्ती चालत नाही. भाद्रपदात गिलकी येऊ लागली म्हणजे एका वेलाला रोज इतकी येतात की चार माणसांच्या घराला ती संपविणे अशक्य होते, आणि दोन दिवस वेलावर ठेवली तर आत जाळी धरते. शीतकपाटात घालून फार तर आठवडा लांबविता येईल. ज्या घरात एरवी पै-पैचा हिशेब होतो त्या घरालाही त्या दिवसांत उदार व्हावेच लागते. मालमत्तेच्या सर्व प्रकारांत हा एकच प्रकार असा आहे की, त्याचा साठा करू लागलेल्या मनुष्याची त्याच्याच घराला दुर्गंधी येते.

आपल्या भाषेत ह्यासाठी ‘वानवळा’ हा फार सुरेख शब्द आहे. घरच्या मळ्यात किंवा परसात आलेली भाजी, फळ, हुरडा, जे काही त्या त्या वेळचे असेल ते शेजारी, सोयरे, गुरुजी, डॉक्टर ह्यांच्याकडे थोडेथोडे पाठवावयाचे. ते दान नव्हे, कारण घेणारा गरजू असतो असे नाही. आणि व्यापार तर नव्हेच. जैमिनीने राजाविषयी जे म्हटले तेच वानवळा पाठविणारी गृहिणी न बोलता स्वतःविषयी मान्य करीत असते, की मी ह्याची राखण केली, पाणी घातले, म्हणून माझा भाग मोठा. पण सगळे माझे नाही. तिला जैमिनीचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. फक्त वानवळ्याच्या यादीत कोणाची नावे येतात, हे एकदा पाहण्यासारखे आहे.

त्या शिरपूरच्या कुटुंबात दसऱ्याच्या सुमारास वांग्यांचा पहिला तोडा निघाला. भरताची मोठी, हिरवी वांगी होती. घरातील आजींनी परातीत चार वाटे केले: एक शेजारी, एक थोरल्या लेकीकडे, एक शाळेतील सहशिक्षकांकडे, एक देवळातील पुजाऱ्यांकडे. मग त्यांनी पाचवा वाटा काढला आणि विचारले, “ज्या भाऊने विटा काढल्या त्याचे गाव कोणते?” कोणालाच सांगता येईना. नावही कोणी विचारून ठेवले नव्हते. सुनेने थोरल्या मुलाला मजूर जमतात त्या चौकात पाठविले. तेथे दोघातिघांनी ओळख पटवून सांगितले की, तो बायकामुलांसह गुजरातेत कापूस वेचणीला गेला आहे, होळीपर्यंत यावयाचा नाही. त्याचा पाडा बोराडीच्याही पलीकडे आहे आणि तेथे आता म्हाताऱ्या आईखेरीज कोणी नाही. आजींनी पाचवा वाटा दोन दिवस तसाच ठेवला. तिसऱ्या दिवशी वांगी सुरकुतू लागली, तेव्हा त्यांनीच ती भाजावयास घेतली.